पिवळी चौकट

तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा लॅपटॉपच्या पोटातून टक् टक् असा आवाज आला आणि थांबला. स्क्रीन काळीच राहिली. भानुदासनी हात मागे घेतला. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चाराला वीस कमी दाखवत होतं.

"काय झालं बे?" मागून प्रल्हादनं विचारलं. त्याच्या दोन्ही हातांत समोशांचा ॲल्युमिनियमचा ट्रे होता.

"डिस्क गेली."

"गेली म्हणजे? येईल ना परत?"

"नाही."

प्रल्हादनं ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला आणि हसला. "मग काहून एवढं तोंड उतरवतो? बॅकअप असंलच तुझा. भानुदास गजभिये अन् बॅकअप नाही, असं मी तरी ऐकलं नाही अजून."

भानुदासनी शर्टाच्या खिशावरून बोटं फिरवली. पेन ड्राइव्ह होता. सकाळपासून त्यांनी तो सात-आठ वेळा चाचपला होता. "आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर. माझा लॅपटॉप घे. तसंही त्याच्यावर दीक्षाभूमीचे फोटोच दाखवायचे आहेत, ते मागाहून दाखवू." प्रल्हाद ट्रे उचलून गेलासुद्धा.

अमेरिकेत फ्रीमाँटमधल्या एका शाळेचा हा हॉल मंडळ दर वर्षी एप्रिलमध्ये जयंतीसाठी भाड्यानं घ्यायचं. पहिल्या वर्षी चाळीस माणसं होती, आता दोनशे. प्रल्हाद मंडळाचा अध्यक्ष, आणि भानुदासचा नागपूरच्या होस्टेलपासूनचा मित्र. आणि आवाजाचं टेबल भानुदासचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. मंदीच्या साली, म्हणजे २००१मध्ये, सांता क्लाराच्या कंपनीनं त्यांना काढलं तेव्हा सहा महिने ते घरी होते. त्या सहा महिन्यांत त्यांनी सुजाताच्या सगळ्या कॅसेटी एकेक करून संगणकात उतरवल्या. सुजाता म्हणजे त्यांची बायको. लग्नात तिनं भांडी कमी आणि कॅसेटी जास्त आणल्या होत्या. मग त्यांना एक सॉफ्टवेअर सापडलं. त्यात स्क्रीनवर दोन तबकड्या फिरायच्या, खोट्याच, पण माउसनं अडवल्या तर अडायच्या. एक गाणं हळूहळू खाली यायचं, दुसरं त्याच्याखालून वर यायचं, मध्ये शांतता पडायची नाही. सुजाता बघून म्हणाली होती, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कंप्युटरनं काही कामाचं केलं." त्याला आता सहा वर्षं झाली. तिला जाऊन चार.

प्रल्हादच्या लॅपटॉपसमोर बसताना भानुदासनी घडी घातलेला कागद काढला. ते ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करत. नवी नोकरी मिळाली तीही तीच. पायरी एक, पायरी दोन, प्रत्येक पायरीपुढे अपेक्षित निकाल. हा कागद त्यांनी तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या मुलांसाठी लिहिला होता, आपण नसलो तर टेबल कसं चालवायचं यासाठी. आता तो त्यांना स्वतःला लागत होता, आणि हे कुणाला माहीत नव्हतं.

पायरी एक, सॉफ्टवेअर चढवणं. निळी पट्टी सरकू लागली.

फेब्रुवारीत एकदा ऑफिसातून घरी येताना त्यांचं महामार्गावरून उतरायचं एक्झिट चुकलं होतं. एक्झिट कुणाचंही चुकतं. पण पुढच्या एक्झिटला उतरून मागे फिरायचं, हे त्यांना सुचलं नाही. गाडी चालत राहिली. हेवर्डला एका पेट्रोल पंपावर त्यांनी ती थांबवली तेव्हा त्यांना आपण कुठून आलो ते ठाऊक होतं, कुठं जायचं ते नव्हतं. म्हणजे घरी जायचं होतं. घर कुठं, ते नव्हतं. दहा मिनिटं, कदाचित जास्त. मग त्यांनी समोरचा कप्पा उघडून गाडीचे कागद काढले आणि त्यावरचा पत्ता वाचला. स्वतःचाच पत्ता, दुसऱ्याचा वाचावा तसा. वाचल्यावर सगळं जागच्या जागी आलं, तेही इतकं सहज, की झालं ते खरं होतं का याचीच शंका यावी.

त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. उपासनाला तर नाहीच. ती त्यांची एकुलती मुलगी, सांता क्लाराला राहायची आणि दर शनिवारी यायची. तिला सांगायचं म्हणजे ते खरं झालं असतं.

त्यांनी दुसरं काहीतरी केलं. त्या तबकड्यांच्या सॉफ्टवेअरला प्लगइन जोडता यायचे, म्हणजे मूळ यंत्राला बाहेरून अडकवायचे छोटे तुकडे. गाणं वाजताना त्याचे शब्द दाखवणारा एक फुकटचा प्लगइन कुणीतरी वेबवर ठेवला होता. भानुदासनी तो उतरवून घेतला, उघडला आणि महिनाभर रोज थोडा थोडा बदलला. आता यादीतल्या गाण्यावर क्लिक केलं की कोपऱ्यात एक पिवळी चौकट उघडायची. तिच्यात गाण्याचे शब्द नसायचे. तिच्यात त्या गाण्याच्या वेळी भानुदासना काय लागेल ते लिहिलेलं असायचं. पुढे कोण बोलणार. त्याचं नाव काय. कुठला माइक. एक्केचाळीस गाणी, एक्केचाळीस चौकटी. टेबलामागे ते एकटेच बसत, स्क्रीन त्यांच्याकडे तोंड करून असे. कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

"बाबा." उपासना पाण्याची बाटली घेऊन शेजारी आली. निळा कुर्ता, केस ओले. "प्रल्हादकाका म्हणाले लॅपटॉप क्रॅश झाला. यू ओके?"

"हो. होतंय."

"तुमचा हात थंड आहे."

"एसी आहे इथं."

पायरी दोन, प्लगइन त्याच्या जागी ठेवणं. झालं. पायरी तीन, पेन ड्राइव्हवरून यादी उघडणं. त्यांनी उघडली. एक्केचाळीस नावं ओळीनं आली, वंदनेपासून शेवटपर्यंत, त्यांनी लावलेल्या क्रमानं. त्यांचा श्वास सुटला.

मग त्यांना दिसलं की सगळी नावं लाल आहेत.

पहिल्यावर त्यांनी क्लिक केलं. फाइल सापडत नाही. पुन्हा त्याच्यावरच. फाइल सापडत नाही. त्यांनी पेन ड्राइव्ह पुन्हा उघडून पाहिला. यादी होती. प्लगइन होता. सॉफ्टवेअर होतं. गाणी नव्हती.

कागदावर पायरी चार त्यांच्याच अक्षरात होती, खाली दोन रेघा मारलेली: यादी म्हणजे गाणी नव्हेत. यादीत फक्त गाण्यांचे पत्ते असतात. गाण्यांचा फोल्डर वेगळा कॉपी करा.

हे ते मुलांना दर वर्षी सांगायचे. सांगताना थोडे हसायचेही, कारण नवीन माणूस हमखास ही चूक करायचा. आदल्या दिवशी बॅकअप घेताना हा कागद त्यांच्या समोर होता. पायरी तीन त्यांना आठवत होती. पाचही आठवत होती. मधल्या जागी काहीच नव्हतं.

"बाबा, हे रेड का आहे सगळं?"

ते उत्तर देणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी. उपासनानं मान वळवून स्टेजकडे पाहिलं, आणि तिच्यामागोमाग त्यांनीही.

प्रल्हादच्या लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडलेला होता. आणि मूळ प्लगइन लिहिणाऱ्यानं तो प्रेक्षकांना शब्द दिसावेत म्हणून लिहिला होता. दुसरा पडदा सापडला की चौकट आपोआप त्यावर जायची. भानुदासनी बाकी सगळं बदललं होतं, तेवढं तसंच राहिलं होतं. घरी दुसरा पडदा नव्हता. चौकटीला गाणं लागत नव्हतं, नाव पुरत होतं. पहिल्या नावावर त्यांनी क्लिक केलं होतं, आणि दहा फुटी पांढऱ्या पडद्यावर, हार घातलेल्या तसबिरींच्या बाजूला, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत उभं होतं:

वंदना. सगळे उभे राहतील. तूही उभा राहा.
कांचन गाणार. प्रल्हादची बायको. वहिनी म्हणायचं.
टॉयलेट: मागे, उजवीकडे, दुसरं दार.
उपासना: मुलगी. पाण्याची बाटली तिच्याकडे.

"भानुदासभाऊ, थँक्यू हं," मागच्या रांगेतून एकजण ओरडला. "मी केव्हाचा टॉयलेट शोधतोय यार."

हॉल हसला. कांचन स्टेजवर माइक नीट करत होती, तिनं वळून पडदा वाचला आणि कमरेवर हात ठेवला. "अहो भाऊजी, मला वहिनी म्हणायचं हे लिहून ठेवावं लागतं? वीस वर्षं काय म्हणत होता मग?"

पुन्हा हशा. हशा चांगला होता, घरचा होता, त्यात काही वाईट नव्हतं. भानुदासही हसले, निदान ओठ तसे केले. त्यांना केबल काढायची होती. लॅपटॉपच्या मागे चार वायरी होत्या. एक काळी, एक निळ्या टोकाची, आणखी दोन. यातली कुठली, हे त्यांना वीस वर्षं माहीत होतं. त्यांनी एकीला हात लावला, सोडला, दुसरीला लावला. कानांत हॉलचा आवाज लांब गेला. कुठलीही ओढली असती तरी चाललं असतं, पण त्यांना ते सुचेना. ते वायरींकडे पाहत राहिले आणि वायरी त्यांच्याकडे.

उपासनानं हात पुढे करून निळ्या टोकाची वायर काढली. पडदा पांढरा झाला.

तिनं सगळं वाचलं होतं. तिचा चेहरा त्यांनी पाहिला नाही, पण ती चौथ्या ओळीशी किती वेळ थांबली होती ते त्यांना कळलं होतं.

"कांचनकाकू," ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, "बाबा टेस्टर आहेत ना. ऑफिसात कॉम्प्युटर चालू करा, हेपण पायरी एक म्हणून लिहितात. तुम्ही स्वतःला स्पेशल समजू नका."

"ऐकलं का," कांचन म्हणाली. "अमेरिकेत वाढलेल्या पोरी अशा बोलतात." लोक हसले आणि आपापल्या बोलण्याकडे वळले. कुणाच्याही मनात काही राहिलं नाही. भानुदासना ते दिसत होतं, आणि तरी त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं.

उपासना वाकून त्यांच्या कानाशी आली. "बाबा, गाणी कुठे आहेत?"

"त्या डिस्कवर होती."

"फक्त तिथे?"

"कॅसेटी आहेत. आईच्या कपाटात."

"ओके. मी जाऊन आणते. टेप रेकॉर्डरपण आणते. बारा मिनिटं जायला, बारा यायला. प्रल्हादकाकांना सांगते भाषण आधी घ्या." तिनं पर्स उचलली.

ती दोन पावलं गेली. भानुदासनी समोर पाहिलं. हॉलभर माणसं होती, सगळी ओळखीची, आणि त्या क्षणी त्यांतल्या एकाचंही नाव वर येत नव्हतं. चौकट बंद होती. प्रत्येक चेहरा लाल अक्षरांतल्या नावासारखा होता. पत्ता होता, मागे काही सापडत नव्हतं.

"तू जाऊ नको," ते म्हणाले.

ते जोरात म्हणाले नव्हते. ती थांबली.

"बाबा, प्रोग्रॅम..."

"गाणी राहू दे. तू जाऊ नको."

आयुष्यात त्यांनी तिला जाऊ नको असं म्हटलं नव्हतं. कॉलेजला गेली तेव्हा नाही, सांता क्लाराला स्वतंत्र राहायला गेली तेव्हाही नाही. आई गेल्यावर महिन्याभरात ती परत जायला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या गाडीत हवा भरून दिली होती. उपासनानं पर्स खाली ठेवली, कुठूनतरी घडीची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाटली झाकण उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

प्रल्हाद आला. "काय, गाणी नाहीत म्हणते पोरगी?"

"नाहीत," भानुदास म्हणाले. "यादी आहे. चूक माझी. चौथी पायरी राहिली."

प्रल्हादनं त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. कांचन बिनपेटीची गाईल. होस्टेलात आपल्याकडं कुठं मशीन होतं? तू नाव सांगत जा."

तसं झालं. वंदनेला सगळे उभे राहिले, भानुदासही. मग ते माइकमध्ये यादीतलं एकेक नाव वाचत आणि कांचन गाई, टाळ्यांवर. तिच्यामागे बायका आणि हळूहळू सगळा हॉल. सातव्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला ती अडली. तिनं टेबलाकडे पाहिलं. भानुदासनी माइक तोंडाशी नेला, आणि पुढची ओळ आली, मग तिच्या पुढची, पूर्ण कडवं, सुजाता रांधताना म्हणायची त्याच चालीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपासनाही हसली.

भानुदासची भीती कमी झाली नाही. इतक्या वर्षांपूर्वीचं कडवं शाबूत होतं आणि कालची चौथी पायरी नव्हती. काय राहणार, काय जाणार, हे त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये त्यांनी गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली. ते पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत उजवीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसले आणि पट्टा शोधत राहिले.

"केव्हापासून?" सिग्नलला तिनं विचारलं.

"फेब्रुवारी. आधीही असेल. मला फेब्रुवारीत कळलं."

हिरवा लागला तरी ती थांबून होती. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"माझं नाव का लिहिलं, बाबा? माझं पण?"

त्यांना तिला समजेल असं सांगायचं होतं. "आमच्या टेस्टिंगच्या कामात एक नियम आहे. जे आज नीट चालतंय, तेच आधी लिहून ठेवायचं. मोडलेलं सगळेच लिहितात. पण मोडल्यावर ते आधी कसं होतं, हे कुणाला सांगता येत नाही."

घरापर्यंत तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

मे महिन्यात ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर सभ्य होता, सावकाश बोलला, आणि जे सांगितलं ते भानुदासनी आधीच ओळखलं होतं. ऑफिसात त्यांनी नोकरी सोडायची पुढच्या महिन्याची तारीख देऊन टाकली. उपासना आता शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायची. नवा लॅपटॉप आणला. सुजाताच्या कपाटातल्या कॅसेटी जेवणाच्या टेबलावर आल्या आणि ते दोघं यादी समोर ठेवून गाणी पुन्हा उतरवू लागले, त्याच क्रमानं. यादी होती म्हणून काय शोधायचं ते तरी कळत होतं. तीन कॅसेटींची फीत चिकटून गेली होती; ती नावं लालच राहिली. काही गाण्यांच्या शेवटी कुकरची शिट्टी होती, एकात सुजाता कुणालातरी दार लाव म्हणत होती. ते त्यांनी कापलं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी अडतिसावं गाणं उतरलं. "डन," उपासना म्हणाली, आणि कागदावरच्या चौथ्या पायरीपुढे तिनं स्वतः बरोबरची खूण केली. "तुम्ही एकदा सगळं चेक करा. मी चहा टाकते."

ती आत गेली. भानुदासनी पहिल्या नावावर क्लिक केलं. तबकडी फिरू लागली, पिवळी चौकट उघडली.

वंदना. सगळे उभे राहतील. तूही उभा राहा.
कांचन गाणार. प्रल्हादची बायको. वहिनी म्हणायचं.
टॉयलेट: मागे, उजवीकडे, दुसरं दार.

चौथी ओळ नव्हती.

आधी त्यांना तीच जुनी थंडी हातात उतरल्यासारखी वाटली: आपण लिहिली होती की नव्हती? मग दुसरं गाणं उघडलं, दहावं, विसावं. जिथं जिथं तिचं नाव होतं तिथं तिथं ते गेलं होतं, बाकी एक अक्षर हललेलं नव्हतं. इतक्या नीट विसरत नाही माणूस. हे हातानं केलेलं होतं.

आतून भांड्याचा आवाज येत होता. तिनं हे कधी केलं असेल, कुठल्या रविवारी, ते झोपल्यावर एकटी बसून, याचा त्यांनी विचार केला आणि मग करायचा थांबवला. तिच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतं. पण तिचं चुकलं होतं. एखादी गोष्ट आज तपासणीत पास होते म्हणून ती तपासणी काढून टाकायची नसते. नवीन पोरं हेच करतात, आणि मग एक दिवस...

त्यांनी चौकटीचा मजकूर उघडला. बोटं हल्ली अक्षरं शोधत. त्यांनी सावकाश लिहिलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

उपासना: मुलगी. शनिवारी येते. चहात साखर कमी घालते.

मग साठवलं. पेन ड्राइव्ह लावला. यादी, प्लगइन, आणि गाण्यांचा फोल्डर वेगळा. निळी पट्टी सरकू लागली. ती पूर्ण होईपर्यंत त्यांनी तिच्यावरून नजर हलवली नाही.

उपासना दोन कप घेऊन बाहेर आली. त्यांनी एक बटण दाबलं आणि चौकट मिटली.

"काय करताय?"

"बॅकअप."

तिनं कप त्यांच्या हातात दिला, कान उजवीकडे येईल असा फिरवून. त्यांनी फुंकर घातली, एक घोट घेतला.

साखर कमी होती. लिहिलं होतं तशीच.